आमच्या चाळीची लिफ्ट आणि इंजिनीअरची सही

आमच्या चाळीला लिफ्ट नाही. कधीच नव्हती. तळमजला अधिक तीन, सागवानी जिना, मधल्या वळणावर पूर्वी रॉकेलचा डबा असायचा, आता तिथे मीटरची पेटी आहे. पण गेल्या महिन्यात मालकाच्या बाजूने स्ट्रक्चरल ऑडिटचा जो रिपोर्ट आला, त्यात अकराव्या पानावर छापलंय की लिफ्ट मशीन रूमच्या स्लॅबला तडे गेलेले आढळले.

मी तीनदा वाचलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अरे, मग ती लिफ्ट कुठाय ते तरी विचार त्यांना. माझे गुडघे गेलेत."

हसून झालं. आता पुढचं ऐका. त्याच रिपोर्टच्या शेवटच्या पानावर आमची बिल्डिंग 'सी-१' आहे. म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब खाली करा आणि पाडा. खाली शिक्का, सही, लायसन्स नंबर. आम्ही भाडेकरूंनी वर्गणी काढून दुसरं ऑडिट करून घेतलं. त्यात आम्ही 'सी-२ बी', म्हणजे राहत्या जागी दुरुस्ती होण्यासारखी. खाली शिक्का, सही, लायसन्स नंबर. दोघेही परवानाधारक, दोघेही पदवीधर. बिल्डिंग तीच, महिना तोच. एक म्हणतो उद्या पडेल, दुसरा म्हणतो टेकू द्या, तुळया बदला, अजून वीस वर्षं जाईल.

पोस्ट मोठी आहे. पण भायखळा, माझगाव, घोडपदेव, लालबाग, परळ इथे जुन्या बिल्डिंगीत राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी, कारण आज ना उद्या तुमच्या दारावरही असा कागद चिकटणार आहे.

परवाच्या मीटिंगमध्ये आमच्याच एका तरुण मंडळींनी मुद्दा मांडला की वाद कशाला, जो जास्त शिकलेला त्याचा रिपोर्ट खरा धरूया. मालकाचा माणूस एम.टेक. आहे, आपला नुसता बी.ई. मी तिथे गप्प बसलो, कारण मी नुसता डिप्लोमा आहे. पण घरी आल्यावर झोप लागेना. म्हणून हे लिहितोय.

आधी माझ्या वडिलांची गोष्ट. आण्णा सातवी पास. गिरणीत बॉयलरवर होते. बॉयलरला हात लावायचा म्हणजे सरकारचं प्रमाणपत्र लागायचं, आजही लागतं. त्यासाठी आधी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केल्याचा दाखला, मग बोर्डासमोर परीक्षा. पाणी खाली गेलं तर पहिलं काय करशील? सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला तर? काच फुटली तर? आण्णा सांगायचे, एका साहेबाने त्यांना तासभर उभं करून विचारलं होतं, पहिल्या वेळी नापास केलं होतं. आण्णांना त्याचा राग नव्हता. "बरोबर केलं त्याने, मला त्या वेळी येत नव्हतं," असं म्हणायचे.

हे कायदे आकाशातून पडले नाहीत. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट झाला, माणसं मेली, आणि दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. पुढे १९२३ साली सगळ्या देशासाठी एक कायदा झाला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारला कळलं होतं की ज्या वस्तूने माणसं मरू शकतात, ती वस्तू हाताळणाऱ्याला काय येतं ते तपासायला हवं. नुसतं तो कुठल्या शाळेत गेला होता ते पुरत नाही.

आता आजची यादी बघा. तुमच्या घरात वायरिंग करणाऱ्याला परवाना लागतो. नळाचं कनेक्शन घ्यायला परवान्याचा प्लंबर लागतो. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, त्याचा कायदा १९४८ चा. सीएचा १९४९ चा, वकिलांचा १९६१ चा, आर्किटेक्टचा १९७२ चा. नर्सची कौन्सिल आहे, दंतवैद्याची आहे. इंजिनीअरची? देशपातळीवर इंजिनीअरची नोंदणी करणारा, त्याला काय येतं ते तपासणारा आणि चुकला तर त्याचं नाव कापणारा कायदा स्वातंत्र्यानंतर एवढ्या वर्षांत झालेला नाही. मसुदे निघतात. २०२५ मध्येही केंद्राने प्रोफेशनल इंजिनीअर्स बिलाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. किती जणांनी सूचना पाठवल्या? मी विचारतोय, कारण मीही पाठवली नाही. आमच्याकडे बिल म्हटलं की विजेचं.

मग सही करणारे हे लोक येतात कुठून? तर ज्या त्या महानगरपालिकेच्या नियमांतून. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्ट्रक्चरल इंजिनीअरसाठी साचा दिलेला आहे आणि थोड्याफार फरकाने तोच सगळीकडे फिरतो. सिव्हिलची पदवी, किंवा इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सचं सभासदत्व, आणि तीन वर्षांचा अनुभव. पदव्युत्तर शिक्षण असेल तर दोन वर्षं पुरे. डॉक्टरेट असेल तर एक वर्ष.

नीट वाचा. शिक्षण वाढलं की अनुभव कमी चालतो. सागाच्या तुळईचं टोक भिंतीत कुठे कुजतं, वाळवी वरून न दिसता आतून कशी जाते, मोरीच्या खालची तुळई सगळ्यात आधी का जाते, हे पीएचडीच्या प्रबंधात नसतं, पण पीएचडीवाल्याला ते शिकायला एकच वर्ष. मी पीएचडीच्या विरोधात नाही. माझ्या मेव्हण्याची मुलगी करतेय, फार हुशार आहे. ती स्वतःच म्हणते, "काका, मला जुन्या बिल्डिंगमधलं काही कळत नाही, मी कॉम्प्युटरवर मॉडेल करते."

आणि हा तीन वर्षांचा अनुभव सिद्ध कसा होतो? लेटरहेडवर. साहेबाने लिहून दिलं की अमुक इसमाने आमच्याकडे डिझाइनचं काम केलं, झालं. समोर बसवून कोणी विचारत नाही की बाबा रे, हा खांब असा वाकलाय, काय करशील? आण्णांना बॉयलरच्या काचेबद्दल विचारलं, तेवढंसुद्धा नाही.

लेटरहेडचं मला चांगलं माहीत आहे, कारण ते मी भरलेले आहेत. हे आजवर इथे लिहिलं नव्हतं. नव्वदीच्या दशकात मी एका कन्सल्टंटच्या ऑफिसात होतो. नाव सांगणार नाही. साहेब आठवड्यातून दोनदा यायचे. कपाटात त्यांच्या सहीचे कोरे कागद असायचे. स्लॅबचं गणित मी करायचो, सळईचं वेळापत्रक मी काढायचो, साइटवर मी जायचो आणि स्टॅबिलिटी सर्टिफिकेट त्या कोऱ्या कागदावर मीच टाइप करायचो. गणितं बरोबर असायची, हे आजही छातीठोकपणे सांगतो. पण एखादी बिल्डिंग पडली असती तर? जबाबदार कोण? ज्याने बघितली त्याच्याकडे परवाना नव्हता आणि ज्याच्याकडे परवाना होता त्याने बघितली नव्हती. मी तीन वर्षं तिथे पगार घेतला. सोडलं ते तत्त्वासाठी नाही, पगारासाठीच सोडलं.

म्हणून पदवी मोठी की छोटी या वादात मला रस नाही. पदवी हवी. गणित न येणाऱ्याने सही करू नये, यात शंका नाही. पण पदवी म्हणजे दारातून आत येण्याचं तिकीट. आपल्याकडे तिकीट तपासतात आणि गाडी चालवायला देतात.

दोन उदाहरणं आपल्याच परिसरातली, म्हणजे पाच-दहा मिनिटांवरची.

२७ सप्टेंबर २०१३. डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत पहाटे कोसळली. ६१ माणसं गेली. आपल्यापैकी किती तरी जण त्या सकाळी तिथे धावलो होतो. ती इमारत ब्रिटिशांच्या काळातली नव्हती. तीस-पस्तीस वर्षांची आरसीसी इमारत, मालक खुद्द महापालिका, राहणारे पालिकेचेच कर्मचारी. तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या बदलांची चर्चा तेव्हा पेपरात रोज होती. ज्या संस्थेत इंजिनीअरांची कमतरता नाही, तिच्या स्वतःच्या घराची ही गत. आणि आमची लाकडी चाळ, जी कागदावर त्याच्या दुप्पट-तिप्पट म्हातारी, ती उभी आहे. वय बघून सी-१ ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं, १४ मार्च २०१९. सीएसएमटीचा हिमालय पूल. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती, वापराला हरकत नव्हती. संध्याकाळी घरी जाणाऱ्या माणसांसकट स्लॅब रस्त्यावर आला. नंतर ऑडिटरला अटक झाली, पालिकेच्या इंजिनीअरांनाही झाली. फौजदारी खटला ही शिक्षा झाली, मान्य. पण ती माणसं मेल्यावरची. डॉक्टर चुकला तर पेशंट मेडिकल कौन्सिलकडे जातो, वकील चुकला तर बार कौन्सिलकडे. चुकीचं ऑडिट देणाऱ्या इंजिनीअरबद्दल, बिल्डिंग पडायच्या आधी, त्याच्याच पेशातल्या जाणकारांसमोर तक्रार कुठे करायची? लिफ्ट मशीन रूमवाला कागद घेऊन मी कुठे जाऊ?

(पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, मला माहीत आहे. दोन रिपोर्ट जुळले नाहीत की प्रकरण तिच्याकडे जातं, आमचंही जाईल. ती बिल्डिंगचा निकाल देते. ज्याने लिफ्ट शोधून काढली त्याच्या परवान्याचा निकाल लावणं हे तिचं काम नाही.)

आणखी एक गंमत. ज्याला मालकाने पैसे दिले त्याने सी-१ दिलं, ज्याला भाडेकरूंनी दिले त्याने सी-२ बी. मी आमच्या इंजिनीअरवर आरोप करत नाही, तो दोन दिवस बिल्डिंगमध्ये फिरला, माळ्यावर चढला, तुळयांना सळई टोचून बघितली. पण मालकही त्याच्या माणसाबद्दल हेच म्हणेल. एरवी रिपोर्टवर विश्वास ठेवायला आपल्याकडे आधारच काय? मालकाच्या रिपोर्टमध्ये रिबाउंड हॅमरचे आकडे आहेत, खांबांच्या काँक्रीटची ताकद दिली आहे. आमचे खांब सागाचे आहेत हो! भिंती विटांच्या, चुन्यातल्या. काँक्रीट आहे ते फक्त सत्तरच्या सुमारास मागे वाढवलेल्या संडासांच्या ब्लॉकला. हॅमर कुठे मारला? चार वर्षं बी.ई. करताना आरसीसी शिकवतात, स्टील शिकवतात. लाकडी सांगाडा आणि चुन्याचं बांधकाम तोंडी लावण्यापुरतंही नसतं. आणि दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त बिल्डिंगी बघा, निम्म्या गोष्टी लाकडावर आणि चुन्यावर उभ्या आहेत. पोरांचा दोष नाही. जे शिकवलंच नाही त्याच्यावर सही करायचा परवाना मिळतो, दोष तिथे आहे.

सही करायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न नुसता आमच्या चाळीचा नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हाडाच्या कार्यकारी अभियंत्यांनी काढलेल्या ७९-अ च्या शेकडो नोटिसांना स्थगिती दिली, ती याच प्रश्नावरून: इमारत धोकादायक ठरवायचा अधिकार कोणाला, आणि तो वापरण्याआधी काय तपासलं? त्या नोटिसांमागे किती घरं होती त्याचा विचार करा.

आता विरोधी बाजू. माझा एक मित्र आहे, रेल्वेत होता, तो म्हणतो, "तू लायसन्स राज परत आणतोयस. पुस्तकी लोक कौन्सिलवर बसतील, परीक्षेच्या क्लासेसची दुकानं निघतील, आणि तुझ्यासारखा डिप्लोमावाला पहिला बाहेर." यातली शेवटची भीती खरी आहे, आणि मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

हे भायखळा आहे. व्हीजेटीआय आज माटुंग्याला आहे, पण १८८७ साली स्थापन झालेली ती संस्था सुरुवातीला इथे भायखळ्यात होती, १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. गिरण्यांना माणसं हवी होती म्हणून ती निघाली. तिथून एल.एम.ई., एल.ई.ई. होऊन पोरं बाहेर पडायची. त्यातला 'एल' म्हणजे लायसेन्शिएट. परवाना हा शब्द त्या कागदातच होता! ज्यांच्या नावाने १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करतो ते विश्वेश्वरय्याही पुण्याहून एल.सी.ई. झालेले. त्यांना आज कुणी विचारेल का, बी.ई. आहात का म्हणून?

नंतरच्या काळात डिप्लोमावाल्यांना वर जायची एक वाट होती, एएमआयई. दिवसा साइट, रात्री अभ्यास. आमच्या चाळीतल्या दोघांनी केलं, एकाला नऊ वर्षं लागली. गॅलरीतल्या दिव्याखाली बसायचा, आम्ही पत्ते कुटायचो. तिला पदवीच्या बरोबरीची सरकारी मान्यता होती. ती मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ठेवली. त्यानंतरच्या पोराने काय करायचं? नोकरी सोडून कॉलेजात बसायचं? आणि दुसरीकडे पत्रव्यवहाराने इंजिनीअरिंगची पदवी देणारी अभिमत विद्यापीठं सुसाट सुटली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रोखली. तिथे न्यायालयाने काय केलं बघा. २००१ ते २००५ च्या तुकड्यांना सांगितलं, एआयसीटीईची परीक्षा द्या, पास झालात तर पदवी राहील. म्हणजे परीक्षा घेता येते! कागदाच्या पलीकडे माणसाला काय येतं ते तपासता येतं, ठरवलं तर.

मग माझं म्हणणं सरळ आहे. दार रुंद ठेवा, उंबरठा उंच ठेवा. पदवीवाला येऊ दे, डिप्लोमा आणि पंधरा वर्षं साइटवाला येऊ दे, रात्रीचा अभ्यास करणारा येऊ दे. पण सही करायच्या आधी प्रत्येकाने परीक्षा द्यावी, लेखी आणि तोंडी. त्यातला एक भाग ज्या प्रकारच्या बांधकामावर सही करणार त्याचा. लाकडी इमारतीची परीक्षा दिली नसेल तर लाकडी इमारतीवर सही नाही. आणि मिळालेला परवाना जाऊ शकतो, हे त्याला रोज आठवलं पाहिजे.

माझा भाचा न्यू जर्सीला आहे. मुंबईची बी.ई., फर्स्ट क्लास. तिथे त्याला आधी पदवी तपासून घ्यावी लागली, मग एक परीक्षा, मग परवानाधारक इंजिनीअरच्या हाताखाली वर्षं काढायची, मग दुसरी परीक्षा. त्यानंतरच शिक्का. शिवाय तो टिकवायला ठरावीक तास नवीन काही शिकल्याचा हिशोब. सगळ्या इंजिनीअरांना हे लागत नाही, कारखान्यात यंत्र डिझाइन करणारे बहुतेक जण बिनपरवान्याचेच असतात. लोकांच्या डोक्यावरच्या छपरावर ज्याची सही, त्याला लागतं. सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी घाबरू नये.

तिथेही शहाणपण आधीपासून नव्हतं. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमध्ये न्यू लंडन गावातल्या शाळेत गॅसचा स्फोट झाला, जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्याच वर्षी टेक्सासने इंजिनीअरांच्या नोंदणीचा कायदा केला. आपल्या शेजारी गुजरातने भूजच्या भूकंपानंतर २००६ मध्ये सिव्हिल इंजिनीअरांपुरता का होईना, कायदा केला. महाराष्ट्राने बाबू गेनूनंतर काय केलं? २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी पडली, ३३ गेले. २०१९ ला डोंगरीत केसरबाई. २०२० ला महाडला तारिक गार्डन. दर वेळी चौकशी, दर वेळी ऑडिटचे आदेश. ऑडिट करणार कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि केंद्राचा कायदा येईल तेव्हा येवो. पालिकेच्या हातात आजही गोष्टी आहेत. प्रत्येक ऑडिट रिपोर्ट लोकांना बघायला वेबसाइटवर टाका, फोटो आणि तपासणीच्या तारखांसकट. कोणत्या परवानाधारकाने वर्षात किती ऑडिटं केली ते टाका. महिन्यात पन्नास बिल्डिंगी बघणारा माणूस बिल्डिंगी बघत नाही, हे कळायला डिप्लोमाही लागत नाही. समितीने ज्याचा रिपोर्ट फेटाळला त्याची नोंद त्याच्या नावापुढे ठेवा.

आमच्या चाळीपुरतं सांगायचं तर रविवारी सकाळी दहाला गॅलरीत मीटिंग आहे. मालकाच्या इंजिनीअरसाहेबांना पत्र दिलंय, मराठीत, सात सह्यांचं. या, आमच्याबरोबर जिना चढा, माळ्यावर चढा, हॅमर कुठल्या खांबाला मारला ते दाखवा. आमच्या इंजिनीअरलाही बोलावलंय, त्यालाही तेच प्रश्न विचारणार. बिल्डिंग खरंच पडायला आली असेल तर मी पहिला ट्रंक बांधेन, नातवंडं आहेत माझी. पण ते मला बघितलेल्या माणसाने सांगायला हवं.

आजूबाजूच्या ज्या बिल्डिंगींना दोन-दोन रिपोर्ट मिळालेत त्यांनी येताना दोन्ही घेऊन या. ज्यांना एकच मिळालाय त्यांनी तो आधी शेवटपर्यंत वाचा. मावशींनी लिफ्टसाठी अर्ज लिहून ठेवलाय, तोही साहेबांना द्यायचा आहे.